ती स्लाइड चांगली रंगली होती

गंगाराममामा,

दवाखान्यात सगळे तुम्हाला मामा म्हणायचे. गुरं घेऊन येणारे शेतकरी, समोरचा चहावाला, माझी बायकोसुद्धा. मी तेवढा 'गंगाराम' म्हणायचो, तेही अरे-तुरे करून. तुम्ही माझ्याहून वीस वर्षांनी तरी मोठे होतात. जिंतूरच्या गुरांच्या दवाखान्यात मी डॉक्टर म्हणून हजर झालो त्या दिवशी तुम्ही माझ्या हातातली बॅग घेतलीत आणि मी म्हणालो, "अरे, खुर्ची पूस जरा." तेव्हा जे सुरू झालं ते तुम्ही रिटायर होईपर्यंत तसंच चाललं. आज 'तुम्ही' लिहिताना पेन अडखळतंय. ते अडखळतंय याचीच लाज वाटते.

तुम्ही गेल्याला तीन आठवडे होत आले. विद्यापीठाच्या नामांतराचा निकाल लागला आणि त्याच हिवाळ्यात तुम्ही गेलात. ती बातमी तुम्ही रेडिओवर ऐकलीत, उठून बसलात, असं तुमच्या सूनबाईंनी सांगितलं. बरं वाटलं. तुमच्या वाट्याला एक तरी गोष्ट वेळेवर आली.

पदवी मला कॉलेजनं दिली, पण जनावराला हात लावायला तुम्ही शिकवलंत. अडलेल्या म्हशीच्या पोटात पहिल्यांदा हात घातला तेव्हा मी घामानं निथळत होतो. तुम्ही शेपूट धरून उभे होतात आणि मालकाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणत होतात, "साहेब, घाई नगं. ती कळ देईल तवाच वडा. आता थांबा. आता." रेडकू बाहेर आलं तेव्हा मालकानं माझे पाय धरले आणि तुम्ही बादली उचलून हौदावर गेलात. त्या दिवशी मला ते रीतसरच वाटलं होतं. मलमपट्टी करणाऱ्या ड्रेसरनं बादली उचलायची, डॉक्टरनं पाया पडून घ्यायचं.

आता मी ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसलोय तिच्याकडे येतो. आपण दोघं तिच्याविषयी नीट कधीच बोललो नाही. तुम्ही बोलायला आलात आणि मी टाळलं, असं म्हणणं जास्त खरं.

बापूसाहेबांनी हैदराबादहून दोन अल्सेशियन पिल्लं आणली होती. बापूसाहेब म्हणजे जिंतूरपासून दोन तासांवरच्या एका गावचे मोठे बागायतदार, तालुक्यात वजन असलेला माणूस. पिल्लं येऊन आठवडा झाला नव्हता, तेवढ्यात एक आजारी पडलं. जीपमधून त्याला दवाखान्यात आणलं तेव्हा ते पोत्यावर निपचित पडलं होतं. उलट्या होत होत्या आणि मागून नुसतं रक्तासारखं पाणी. तो वास अजून माझ्या नाकात आहे.

कुत्र्याच्या पिल्लांचा मला एकच मोठा आजार नीट ठाऊक होता, डिस्टेंपर. पुस्तकात दुसरा एक होता, यकृताचा, ज्यात डोळ्यावर निळसर पडदा येतो. मी पिल्लाचे डोळे पाहिले. स्वच्छ. नाक पाहिलं. कोरडं, पण पू नाही. खोकला नाही. पंजाच्या गाद्या मऊ. हे दोन्ही आजार नव्हेत एवढं मला कळलं. माझी विद्या तिथं संपली, आणि ती संपली हे मला बापूसाहेबांपुढं कबूल करता आलं नाही.

"मग काय झालंय काय, डॉक्टर?" ते म्हणाले. "कुणी काही खायला घातलंय का?"

तो शब्द त्यांनी माझ्या हातात आयता दिला आणि मी तो घेतला. म्हणालो, "विषबाधा असू शकते."

तुम्ही टेबलाच्या पलीकडे पिल्लाचं डोकं धरून होतात. तुम्ही मान वर केलीत. त्यांच्यासमोर बोलला नाहीत. पिल्लाच्या कानाच्या कडेला सुई टोचून रक्ताचा थेंब काचेवर घेतलात आणि आत गेलात. मी छापील कागदावर लिहिलं: विषबाधेची शक्यता. सही केली, शिक्का मारला. पिल्लू टेबलावरच मेलं. बापूसाहेब कागद खिशात घालून निघून गेले.

मग तुम्ही बाहेर आलात.

"साहेब, ह्ये इख न्हाई."

"तुला काय माहीत?"

"कपाशीवरलं औषध पोटात गेलेली कुत्री म्या लय पायलीत. तोंडाला फेस येतो. डोळ्याची बाहुली टाचणीएवढी होती. आंग थरथर कापतं आन घंट्या-दोन घंट्यात खेळ खलास. ह्याला कालधरनं ताप हाय म्हणायलेत. बाहुली साजरी हाय. इखानं कुठं ताप येतो?"

"मग डिस्टेंपर आहे का?" मी चिडून विचारलं.

"त्येबी न्हाई. त्याच्यात चिपडं येतेत, नाक वाहतं, खोकतंय. पिल्लू आठ-पंधरा दिस रखडतं, बरं झाल्यागत वाटतं आन मंग जबडा चावायला लागतं, पाय झटकतं. ह्ये तसं न्हाई. ह्ये काईतरी नवं हाय. स्लाइड रंगवायला ठिवलीय, बघा येकदा."

मी म्हणालो, "उद्या बघू." बाहेर दोन गोऱ्हे खच्चीकरणाला उभे होते. पण मी ती स्लाइड त्या गोऱ्ह्यांमुळं टाळली नाही. ड्रेसरनं 'बघा' म्हटलेली वस्तू लगेच जाऊन बघणं मला कमीपणाचं वाटलं, एवढंच.

बापूसाहेबांच्या गोठ्यात तुमची बहीण कौसाबाई शेण काढायला होती, हे मला माहीत नव्हतं. पिल्लांना दूध-भाकरी तीच घालायची. तिचा नवरा मारोती तिथंच सालगडी होता. विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला त्याला तेव्हा तीन-चार वर्षं झाली होती आणि त्या गावात त्यांच्याच दलित वस्तीवरच्या पोरांनी भिंतीवर लिहिलेली नामांतराची घोषणा अर्धवट पुसलेली होती. पिल्लांना विष घातलं म्हटल्यावर ते कुणी घातलं हे ठरवायला गावाला वेळ लागला नाही. त्यांना फक्त कुणी शिकलेल्या माणसानं विष म्हणायला हवं होतं. ते मी म्हटलं होतं. लिहूनही दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुसरं पिल्लू मेलं. त्या संध्याकाळी मारोतीला पाराजवळ बोलावून मारलं. कौसाबाई मध्ये पडली, तिलाही मारलं. मारणाऱ्यांपैकी एकाच्या हातात माझा कागद होता आणि तो लोकांना दाखवत होता, हे तुम्ही मला सांगितलंत तेव्हा तुमचा आवाज चढलेला नव्हता. पुढच्या सकाळी दवाखाना उघडायच्या आधीच तुम्ही पायरीवर उभे होतात. डोळे सुजलेले. मी आलो तसे म्हणालात, "साहेब, स्लाइड बघा."

मी मायक्रोस्कोपला डोळा लावला.

मामा, हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. ती स्लाइड मी आयुष्यात पाहिलेल्या सगळ्यात सुंदर स्लाइडींपैकी एक होती. पातळ, एकसारखी पसरलेली, रंग जिथल्या तिथं. तांबड्या पेशी एकेक मोजता याव्यात अशा. पांढऱ्या पेशी मात्र दिसत नव्हत्या. मी काच सरकवत गेलो, या कडेपासून त्या कडेपर्यंत. एवढ्या रक्तात त्या डझनांनी दिसायला हव्या होत्या. मला दोन की तीन सापडल्या. आजाराशी लढणारी सगळी फौज कुणीतरी खाऊन टाकली होती. कपाशीवरचं औषध असं करत नाही. कुठलातरी विषाणू करतो. त्याचं नाव मला माहीत नव्हतं, पण ते विष नव्हतं हे मला त्या क्षणी कळलं.

"काय दिसतंय, साहेब?"

मी डोळा काढला नाही. डोळा काढला असता तर तुमच्याकडे पाहावं लागलं असतं. कागदावर माझा शिक्का होता. खोटं ठरलो तर बापूसाहेब वरपर्यंत जातील, तालुक्यात हसं होईल, हे सगळं डोक्यात आलं. मी म्हणालो, "स्लाइड नीट रंगली नाही, गंगाराम."

तुम्ही म्हणालात, "बरं."

तुमच्या हाताची स्लाइड! परभणीच्या कॉलेजातले माझे सर जिंतूरला येत तेव्हा विद्यार्थ्यांना दाखवायला तुमच्या स्लाइडी मागून नेत. तुमचा हात चुकत नाही हे मला ठाऊक होतं, आणि मी खोटं बोलतोय हे तुम्हाला त्याच क्षणी कळलं होतं. मायक्रोस्कोपमधून तुम्ही माझ्या आधीच पाहिलं होतं. पाहिल्याशिवाय तुम्ही मला 'बघा' म्हणालाच नसतात.

आठवड्यानं तुम्ही एका टोपलीत चार पिल्लं घेऊन आलात. कौसाबाईच्या दारातल्या कुत्रीची. गोठ्यातली घाण झालेली पोती तिनं घरी नेऊन धुतली होती, तिथून आजार आला. तशाच उलट्या, तसंच रक्त, तोच वास.

"आता सांगा साहेब," तुम्ही म्हणालात. "कौसानं सोताच्या पिल्लायलाबी इख घातलं का? आन त्येबी आठ दिसानं?"

तुम्ही उत्तराची वाट न बघता टोपली मागच्या ओसरीत नेलीत. मीठ-साखरेचं पाणी चमच्यानं पाजत बसलात. मी सलाइन दिलं, एवढंच माझ्याकडून झालं. तीन पिल्लं मेली. चौथं, ढवळ्या रंगाचं, पाचव्या दिवशी उभं राहिलं. मी म्हणालो, "थांब, महिन्यानं झटके येतील." मला वाटतं, यावेत अशी माझी इच्छा होती. झटके आले तर तो डिस्टेंपर ठरला असता, निदान मी ओळखीच्या आजारात चुकलो असतो. महिना झाला, दोन झाले. ते पिल्लू आपल्या आवारात हुंदडत होतं आणि मला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

तोवर कौसाबाई आणि मारोती गाव सोडून पूर्णेला गेले होते.

मी सरांना पत्र लिहिलं. त्यात लक्षणं तुमच्या शब्दांत लिहिली, फक्त भाषा शुद्ध केली. सरांचं उत्तर आलं: हा जगातच नवा आजार आहे, पार्वो नावाचा, आपल्याकडेही आलाय, तुमचं निरीक्षण अचूक आहे. मी पत्र तुम्हाला वाचून दाखवलं. 'तुमचं निरीक्षण' हे शब्द वाचताना जीभ जराही अडखळली नाही.

तुम्ही म्हणालात, "मंग आता गावाला कागद लिवता ना, साहेब? आजार व्हता म्हणून?"

"लिहितो," मी म्हणालो.

लिहिला नाही.

उलट परभणीला डॉक्टरांच्या मासिक बैठकीत मी भाषण केलं. पिल्लांच्या या दोन आजारांतला फरक कसा ओळखावा. फळ्यावर दोन रकाने आखले. एकीकडे चिपडं, वाहतं नाक, खोकला, कडक झालेले पंजे, लांबणारा आजार आणि शेवटी झटके. दुसरीकडे स्वच्छ डोळे, उलट्या, रक्ताची हगवण, दोन-तीन दिवसांत निकाल, आणि स्लाइडवर पांढऱ्या पेशींचा दुष्काळ. 'दुष्काळ' हा शब्दसुद्धा तुमचा होता. टाळ्या पडल्या. तुम्ही दाराजवळ स्लाइडींची पेटी मांडीवर घेऊन बसला होतात. त्या दिवशी दाखवलेली स्लाइड तीच होती. नीट न रंगलेली.

परतीच्या एसटीत तुम्ही माझ्या मागच्या बाकावर होतात. झरी गाव मागं पडल्यावर पुढं वाकून म्हणालात, "साजरं बोललात साहेब." मी खूष होऊन मान हलवली. मग म्हणालात, "त्ये गावाचं तेवढं ऱ्हायलं."

"अरे, आता जुनं कशाला उकरायचं? ते लोक तर गाव सोडून गेलेसुद्धा."

"म्हणूनच," तुम्ही म्हणालात आणि मागं टेकलात.



त्यानंतर तुम्ही तोंडानं कधी मागितलं नाहीत. रिटायर झालात, मी बढती घेऊन परभणीला आलो. गेल्या दिवाळीत तुम्ही घरी आलात, खूप वाळला होतात. बायकोनं फराळ दिला. तुम्ही तिच्या हातच्या चकलीचं कौतुक केलंत, माझ्या मुलीच्या अभ्यासाची चौकशी केलीत आणि निघताना चपला घालत म्हणालात, "कौसा पूर्णेलाच हाय. बरी हाय." मी म्हणालो, "छान, छान." तुम्ही माझ्याकडे क्षणभर पाहिलंत. राग नव्हता. आजारी जनावराकडे तुम्ही जसे बघायचात, आता याला काही करता येईल का, असं ते बघणं होतं.

मला राग चालला असता, मामा. तुम्ही एकदा तरी माझ्यावर ओरडायला हवं होतं. ओरडला असतात तर मी तुमच्यावर शेरा मारला असता, तुमची बदली केली असती, हे मला माहीत आहे. तुम्हालाही माहीत होतं.

तुम्ही गेल्यावर झालेल्या जलदान विधीला मी आलो. मांडवात मागं बसलो होतो. एक बाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली, पांढरं लुगडं, तुमचंच कपाळ.

"तुमीच का ते जिंतूरचे डाक्टर?"

मी उठलो. म्हणालो, "हो. कौसाबाई, ते विष नव्हतं. आजार होता. तुम्हाला मारलं त्याच्या दुसऱ्या दिवशीच मला कळलं होतं. गंगाराममामांनी मला दाखवलं होतं आणि मी खोटं बोललो."

मी तुम्हाला मामा म्हणालो ते असं, तुम्ही नसताना.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आमाला काय सांगायलाव? आमी घातलंच न्हवतं, आमाला ठावं हाय. ज्यायला ठावं न्हाई त्यायला सांगा."

म्हणून मी गेल्या सोमवारी त्या गावाला गेलो. कागद घरीच लिहिला होता. बापूसाहेब आता थकलेत, पण ओळखलं, चहा मागवला, ग्रामपंचायतीच्या ओट्यावर चार माणसं जमवली. मी कागद वाचला. वाचून झाल्यावर बापूसाहेब कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "कुठली पिल्लं हो, डॉक्टर?"

मी सांगितलं. हैदराबादची, अल्सेशियन.

"असतील. लय कुत्री पाळली आम्ही."

"कौसाबाई, मारोती."

"गोठ्यात किती बाया-माणसं येऊन गेली, नावं कुठं ध्यानात राहतात?"

ते खोटं बोलत नव्हते, मामा. त्यांना खरंच आठवत नव्हतं. मी तुम्हा सगळ्यांचं आयुष्य ज्या कागदानं नासवलं तो कागद त्यांच्या आठवणीतून केव्हाच गळून गेला होता. मग मी पहिल्यापासून सांगायला लागलो. जीप, टेबल, शिक्का, स्लाइड, पार. पाराचं नाव निघालं तेव्हा कडेला बसलेला एक म्हातारा उठला, कुणाशी न बोलता चपला पायात सरकवून निघून गेला. त्याला आठवत होतं.

ग्रामसेवक तरुण आहे. त्यानं कागद घेतला आणि प्रामाणिकपणे विचारलं, "साहेब, आवक रजिस्टरला कुठला विषय टाकू? पशुसंवर्धन?" मी म्हणालो, "माणसांविषयी आहे." त्यानं थोडा विचार केला आणि 'इतर' असं लिहिलं.

दुसरी प्रत घेऊन काल पूर्णेला गेलो. स्टेशनमागं त्यांचं घर आहे, पत्र्याचं, स्वच्छ सारवलेलं. मारोतीराव बाजेवर बसले होते. कौसाबाईनं मला पाट दिला. मी कागद वाचायला सुरुवात केली. त्यात सगळं आहे, तुमचं नावही आहे: मृत पिल्लांना झालेला आजार प्रथम ओळखला तो दवाखान्याचे ड्रेसर गंगाराम यांनी, दाखला चुकीचा होता, चूक कळूनही ती मी लपवली, या दोघांचा काही दोष नव्हता. मी शेवटपर्यंत वाचलं. मारोतीराव माझ्याकडे बघत होते, चेहरा हलला नाही. मला वाटलं, त्यांना मला माफ करायचं नाही, आणि ते बरोबरच आहे.

कौसाबाई म्हणाली, "त्येंला ऐकू गेलं न्हाई. तवापासून त्या कानानं ऐकू येत न्हाई त्येंला. इकडच्या बाजूनं बसा."

मी उठलो, पाट उचलून बाजेच्या दुसऱ्या बाजूला ठेवला आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला लागलो, मोठ्यानं, शेजारपाजारची दारं उघडेपर्यंत.